नावाआधी थांबायचं

हे लिहायचं नाही असंच ठरलं होतं. दोनदा टाईप केलं, दोनदा खोडलं. ‘मी’ म्हणून लिहायला घेतलं की बोटं आपोआप स्वतःची वकिली करायला लागतात. म्हणून इथे नुसतं ‘शुभम’ आहे. त्याची बाजू घ्यायला कुणी नाही, आणि तेच बरं.

तर शुभम अमरावतीला इर्विन चौकात उभ्या उभ्या आलूबोंडा खात होता. सकाळचे साडेदहा झाले असतील. अकोल्याहून जुबेरचा फोन आला.

“का बे शुभ्या, केशवकाका गेले?”

“कोणं सांगतलं तुले?”

“मीच सांगून राहिलो ना. आता दुकानासमोरून चंद्रभानचा ऑटो गेला. भोंग्यावर माहा आवाज. केशवराव गावंडे यांचं निधन झालं म्हणते.” जुबेर जरा थांबला. “हे म्या कवा बोललं, तेवढं सांग मले.”

शुभमच्या हातातली प्लेट वाकडी झाली. रस्सा मनगटावरून बाहीत गेला तरी त्याला कळलं नाही.

“जुब्या, आयक…”

“आयकूनच राहिलो सकाळपासून,” जुबेर म्हणाला आणि फोन ठेवला.

शुभमने फोनवर आपलं सॉफ्टवेअर उघडलं. आठ बावन्नला ऑर्डर आली होती. आठ छप्पन्नला फाईल गेली होती. चार मिनिटं. त्या वेळी तो आंघोळ करत होता. शेजारी हिरवी खूण होती, ‘काम पूर्ण’. केशवकाका खरंच गेले हे त्या खुणेखालचा मजकूर वाचून त्याला कळलं.

आमच्याकडे मयतीची खबर ऑटोवर फिरते. पेपरात नाव यायचं तेव्हा येईल, लोकांना चारच्या आत घाटावर पोचायचं असतं. अकोल्यात हे काम चाळीस वर्षं केशवरावांच्या लाउडस्पीकरच्या दुकानातून चाललं. जुबेर पंधरा वर्षांचा असताना तिथे वायरी गुंडाळायला लागला. एक दिवस नेहमीचा बोलणारा आला नाही, तेव्हा काकांनी माईक त्याच्या हातात दिला. काही लोकांनी तोंड वाकडं केलं, मुसलमानाचं पोरगं आमच्या मयतीचं सांगते म्हणून. काका म्हणाले, “मराठी तुमच्यापेक्षा साफ हाय त्याची. तुमी बोलून दाखवा, मंग पाहू.” कुणी बोलून दाखवलं नाही.

काकांनीच त्याला शिकवलं. मयतीच्या घोषणेखाली सनई-बिनई लावायची नाही. पैसे घ्यायचे नाहीत, ऑटोवाल्याला पेट्रोल घरचे लोक देतात तेवढंच. आणि नावाआधी थांबायचं. ‘कळवण्यात दुःख होते की’ म्हणायचं आणि गप्प राहायचं. भाजी घेणाऱ्या बाईचा हात थांबला पाहिजे, सायकलवाल्याचा पाय टेकला पाहिजे, मग नाव. काका म्हणायचे, “त्या माणसाचं नाव शेवटचं भोंग्यावर येऊन राहिलं. त्याले जागा करून दे.”

शुभम तेव्हा अकोल्यातच होता, त्याची आणि जुबेरची ओळख त्याच दुकानात झाली. शुभम मोबाईलवर पाहून पाहून आवाज कापायला, जोडायला शिकला होता. दोघांनी मिळून ‘एस. जे. ऑडिओ’ काढलं. शुभम अमरावतीहून मजकूर लिहायचा, जुबेर अकोल्यात जठारपेठेतल्या घरच्या गादीच्या दुकानात, कापसाच्या थप्प्यांमध्ये बसून बोलायचा. तिथे आवाज घुमत नाही. मुंबईचा स्टुडिओ झक मारेल असा आवाज यायचा. साड्यांचे सेल, शाळेचे प्रवेश, हातगाडीवरचे कांदे-बटाटे, सगळ्यात जुबेर. अमरावतीच्या बायका त्याच्या आवाजाला ओळखायच्या, तोंडाला नाही.

सहा वर्षं बरी गेली. मग गेल्या दिवाळीनंतर शिकवणीच्या क्लासवालं एक गिऱ्हाईक सुटलं. नागपूरचे लोक अर्ध्या तासात जाहिरात देतात म्हणालं. इकडे जुबेरचं ठरलेलं उत्तर, “पिंजायची मशीन बंद झाली की देतो.” मशीन कधी दोनला बंद व्हायची, कधी सहाला.

शुभमला धंदा नीट करायचं खूळ लागलं. तो ‘फ्रीलान्सरने कोणतं सॉफ्टवेअर घ्यावं’ असे व्हिडिओ पाहायला लागला. एकात एक गोरा माणूस झाडांनी भरलेल्या खोलीत बसून सांगायचा की, चांगली साधनं निवडली की धंदा स्वतःच चालतो. शुभमने चौदा सॉफ्टवेअरांचा तक्ता केला. मराठी दिसतं का, मोबाईलवर चालतं का, किती दिवस फुकट. ऑर्डरच्या फॉर्मसाठी एक घेतलं, गिऱ्हाईकाला आपोआप मेसेज जायला दुसरं. एक तर ऑर्डर आली की घंटी वाजवायचं, ती घंटी आवडली म्हणूनच घेतलं. दोन महिने त्याने दुसरं काही केलं नाही. खरं सांगायचं तर त्या दोन महिन्यांत तो सुखात होता. एकही जाहिरात न लिहिता आपण धंदेवाले झालो असं वाटायचं.

जुबेरला त्याने एकदाच विचारलं.

“जुब्या, दोन माणसाचा प्लॅन घेऊ का एकाचा? दुसऱ्या माणसाचे वेगळे पैसे लागतेत.”

“मले काय समजते त्यातलं? एकाचा घे ना. मी काय पळून चाललो?”

एकाचा घेतला.

आणि सगळ्यात शेवटी आवाजाचं सॉफ्टवेअर. त्याला अर्धा तास स्वच्छ आवाज द्यायचा, मग ते त्या आवाजात काहीही बोलतं. फॉर्म भरला की मजकूर थेट तिकडे, आणि फाईल तयार. शुभमकडे सहा वर्षांचा जुबेर होता. तो सगळा त्याने चढवला. खाली एक चौकट आली. हा आवाज ज्याचा आहे त्याची परवानगी तुमच्याकडे आहे का? शुभमने खूण केली. फार विचार करून केली असंही नाही. जुबेरचं ते आपलंच, असं वाटलं. ईद झाली की सांगू, हसेल, दोन शिव्या देईल.

त्यात अजून एक सोय होती, मधल्या रिकाम्या जागा काढून टाकायची. तीस सेकंदांची जाहिरात बावीसवर यायची. शुभमला ती सोय फार आवडली. त्याने ती कायमची चालू करून ठेवली.

तीन आठवडे अमरावतीत कांदे-बटाटे आणि साड्या त्या आवाजात विकल्या गेल्या. कुणाला फरक कळला नाही. जुबेरकडे पिंजायची गर्दी होती, काम का येत नाही हे त्यानेही विचारलं नाही. मग त्याने अकोल्याच्या ऑटोवाल्यांनाही लिंक पाठवली. आता फोन करू नका, फॉर्म भरा. मयतीचं काय, हे त्याच्या डोक्यातच आलं नाही. चौदा सॉफ्टवेअरांच्या तक्त्यात तो रकानाच नव्हता.

चंद्रभान साधा माणूस. वीस वर्षं काकांच्या दुकानाचा ऑटो चालवतो. सकाळी काका गेले तेव्हा रडत रडत त्याने फॉर्म भरला. फाईल त्याच लिंकवर आली. जुबेरनेच केली असेल असं समजून भोंग्यावर लावली आणि निघाला.

शुभम बडनेऱ्याला आला, मिळाली ती गाडी पकडली. मूर्तिजापूरपर्यंत दाराशी उभा राहून त्याने ती फाईल ऐकली. “कळवण्यात दुःख होते की केशवराव गावंडे यांचे निधन झाले,” सगळं एका दमात. दसऱ्याला फ्रिजवर सूट असते, तसं. मध्ये कुठेच जागा नव्हती.

अकोल्याला उतरला तेव्हा तीन वाजत आले होते. स्टेशनबाहेर येतो तर लांबून भोंगा ऐकू आला. जुबेरचाच आवाज. शुभमला वाटलं, अजून वाजतंच आहे की काय.

“…कळवण्यात दुःख होते की.”

आणि शांतता. रिक्षाचं इंजिन तेवढं ऐकू येत होतं. समोरच्या रसवंतीवाल्याने घुंगरांचा चरक हाताने धरला. एक म्हातारा चालता चालता उभा राहिला.

“केशवराव… गावंडे.”

आवाज बसला होता. ‘गावंडे’वर तो चिरलाही. ऑटो वळणावर आला तेव्हा शुभमने पाहिलं, चंद्रभान चालवत होता आणि मागे पेटीवर माईक धरून जुबेर बसला होता. सकाळपासून अख्खं शहर त्याने पुन्हा फिरून काढलं होतं. शुभमने हात केला. ऑटो थांबला नाही.

काकांच्या घरी अंगणात माणसं बसली होती. शुभम पाया पडायला आत गेला. काकांची बायको माणिकबाई भिंतीला टेकून होत्या, मांडीवर काकांचा मोबाईल. त्यांनी शुभमला ओळखलं.

“आला का बाबू. जेवला का काही?” मग मोबाईल पुढे केला. “आत्ता वाजला हा. त्याईचंच नाव दिसते याच्यावर. माहा चष्मा कोठी गेला काय माईत. वाच बरं.”

शुभमने मोबाईल घेतला.

‘नमस्कार केशवराव! आमचं काम कसं वाटलं? पाच स्टार द्या आणि पुढच्या ऑर्डरवर वीस टक्के सूट मिळवा. आपलाच, एस. जे. ऑडिओ.’

फॉर्ममध्ये पहिला रकाना होता, नाव. चंद्रभानने काकांचं टाकलं. मयतीच्या कामात नाव विचारलं तर तो दुसऱ्या कुणाचं टाकणार? आणि नंबर टाकला तो दुकानाच्या पाटीवरचा, पाठ असलेला. काम पोचलं की सहा तासांनी गिऱ्हाईकाला मेसेज जातो. तो शुभमने स्वतः लिहिला होता. ‘आपलाच’ हा शब्द घालायचा की नाही यावर अर्धा दिवस घालवला होता.

“काय हाय रे?” माणिकबाई म्हणाल्या.

“काही नाई मावशी. कंपनीचा हाय.”

“कोणती कंपनी?”

मागून एक हात आला. जुबेर केव्हा येऊन उभा होता देव जाणे. त्याने मोबाईल घेतला, वाचला, शुभमकडे एकदा पाहिलं. मग माणिकबाईंसमोर उकिडवा बसला.

“विचारून राहिले काकाले,” तो म्हणाला. “काम कसं वाटलं म्हणून.”

“मंग सांग बाबू त्याईले,” माणिकबाई म्हणाल्या. “माणूस गेला म्हणा. आता नका विचारू.”

“सांगतो,” जुबेर म्हणाला. आणि मेसेज पुसून मोबाईल त्यांच्या मांडीवर परत ठेवला.

घाटावरून लोक परतले तेव्हा ऊन उतरलं होतं. चंद्रभान हातपाय धुवायला नळावर गेला होता. जुबेर ऑटोच्या पायरीवर बसला, शुभम समोर उभा. बसायला जागा होती, पण बस म्हणून कुणी म्हणालं नाही.

“त्या मशीनमधी किती माणसं हायेत?” जुबेरने विचारलं.

“एकच.”

“म्हणजे मी नाई.”

“तुहा आवाज हाय.”

“हं.” जुबेरने भोंग्याची वायर गुंडाळायला घेतली, कोपर आणि अंगठ्यात, काकांनी शिकवली तशी. “अम्मी म्हणे सकाळी, तू तं घरात चहा पिऊन राहिला, मंग बाहेर कोण बोलून राहिलं? घाबरली ना बे ते.”

“म्या काढून टाकला, गाडीतच. मेसेजचंही आत्ता बंद केलं.”

“निंगाला मी तेथून?”

शुभमला खोटं बोलता आलं असतं. “तीस दिवस लागतेत म्हणते कंपनी.”

“म्हणजे महिनाभर अजून तठीच आहो मी.” तो हसला. “पैसे वाढवून मागाचे मंग.”

“जुब्या, चूक झाली.”

“चूक नाई झाली. विचारलं नाई तू. तुले वाटलं मी नाई म्हणीन?”

“हाव.”

“म्हटलंच असतं,” जुबेर म्हणाला. “कांदे-बटाट्याले हो म्हटलं असतं, याले नाई. पण विचारलं असतं तं तुले समजलं असतं ना, कायले हो आन् कायले नाई.”

नळाचं पाणी वाजत होतं.

“आता मी गाद्या भरतो,” जुबेर म्हणाला. “अब्बाचंही होत नाई आता. तू जे आणलं ते चालव, नाई तं बंद कर. माहं नाव काढ फक्त. ‘जे’ काढ.”

“एकट्याचं काय चालवू?”

“एकट्याचाच तं प्लॅन घेतला होता.”

हे तो चिडून बोलला असता तर बरं झालं असतं. तो वायरीचं टोक शोधत बोलला.

चंद्रभान आला, तोंड पुसून गाडीत बसला. जुबेर वायरींचं वेटोळं पेटीत ठेवून मागे चढला. ऑटो चालू झाला, मग त्याने चंद्रभानच्या खांद्यावर हात ठेवून थांबवला.

“शुभ्या. एक वादा कर.”

“बोल.”

“माही मयत झाली तं हा आवाज लावू नको. तुह्याजवळ सहा वर्षांचं पडलं हाय, लोक मागतीन, म्हणतीन लावा त्याचाच. नाई लावाचा. तू बोलजो.”

“माहा आवाज फाटका हाय, जुब्या.”

“मले माईत हाय ना. म्हणून तं तुले लिहाले बसवलं होतं.” तो जरासा हसला. “अंत्ययात्रा म्हणू नको फक्त, जनाजा म्हणजो. नाई तं अम्मी मारीन तुले. आन् नावाआधी…”

पुढचं त्याने सांगितलं नाही.

“थांबीन,” शुभम म्हणाला.