दुसऱ्या अल्बमचं शेवटचं गाणं

झबल्याचा तुटलेला बंद, पांढरा, वातीएवढा बारीक, तर्जनीला किती वेढे बसले होते कुणास ठाऊक... बोटाचं टोक निळसर पडलं तेव्हा लुंबिनीला कळलं की आपण तो गुंडाळतोच आहोत, आणि कानातले ड्रम केव्हाच थांबलेत, आणि दाराच्या चौकोनी काचेपलीकडून शिवम हात हलवतो आहे.

"परत थांबलीस," त्याचा आवाज हेडफोनमधून आला. "काय झालं?"

"ती रडतेय का?"

"कोन?"

"बुद्धप्रिया."

"तुझ्या आईच्या मांडीवर हाय, इथं माझ्यासमोर. घोरून राहिली तुझी लेक."

नाही रडत. रडत असती तरी आत ऐकू आलं नसतं. ही खोली केळी पिकवायची. शिवमच्या वडलांनी अर्धापुरात बांधलेली, आणि शेजारी मोठी खोली झाल्यापासून रिकामी. भिंती वीतभर जाड, दाराला रबराची कड. आतली हवा बाहेर जात नाही, बाहेरचा आवाज आत येत नाही — म्हणून तर त्यांच्या 'गारपीट' या मेटल बँडनं आपलं पहिलं रेकॉर्डिंगही इथंच केलं होतं, पुण्यामुंबईच्या स्टुडिओंना हात न जोडता. भिंतींना अजून गोडसर, किंचित कुजका वास होता. आणि या ठार बंद खोलीत तिला सकाळपासून तो एकच आवाज ऐकू येत होता जो इथं येऊच शकत नव्हता... गाण्याच्या मधोमध, अगदी जिथं तोंड फाडून ओरडायचं तिथं.

पहिल्या अल्बमच्या वेळी, 'ताप' गाताना, असं नव्हतं. तेव्हा कुणी मागे नव्हतं. म्हणजे — जो होता तो गेला होता.

तिचा धाकटा भाऊ आदर्श लातूरला शिकवणीला होता. डॉक्टर व्हायचं होतं. त्याला की घराला, हे आता कोण सांगणार. खोलीवर ताप अंगात घेऊन पडून राहिला. सोबतची पोरं परीक्षेच्या घाईत होती, खाणावळीच्या बाईला वाटलं पोरगं गावी गेलं, आणि आईला तो फोनवर म्हणत राहिला — जेवलो, हाव, बरा हाय. त्याला घरी आणला तो चादरीत गुंडाळून, तेव्हा आईला कुणी पुरतं रडूही दिलं नाही. सावर पंचशीलाबाई, वंदना घ्यायची हाय, असं म्हणत बायकांनी तिच्या तोंडाला पदर लावला. ते रडणं आत राहिलं. मग वर्ष उलटल्यावर याच खोलीत आदर्शवरचं 'ताप' हे गाणं चालू असताना आई चहा घेऊन आली, वीरण्णाचे दोन्ही पाय ड्रमवर धावत होते, आणि आई किटली हातात धरून नुसती उभी राहिली... आणि तिनं हेल काढला. लांब, उघडा, शब्दाशब्दाला नाव घेणारा, आणि नेमका वीरण्णाच्या ठेक्यात. माईक चालू होता. त्या हेलाच्या शेपटाला धरूनच लुंबिनीची किंचाळी निघाली होती. ती तिला शोधावी लागली नव्हती.

अल्बमवर ठेवू का, असं विचारलं तर आई म्हणाली होती, "राहू द्या की. कुनी तर ऐकंल."

ऐकलं. शिलाँगच्या पोरांनी ऐकलं, कुठल्या कुठल्या गोऱ्या लोकांनी ऐकलं. थ्रॅश मेटल ऐकणाऱ्यांनी नांदेड नकाशावर शोधलं. आणि आई त्यानंतर आदर्शसाठी कधी रडली नाही. "गेलं समदं त्या माईकात," असं भाकरी थापताना म्हणायची. हलकी झाली होती ती. मग लग्न, मग बाळंतपण, मग हा दुसरा अल्बम. त्यातली दोन गाणी आधी बाहेर सोडली, तर 'ताप'वर पानभर लिहिणाऱ्या माणसानं यावेळी एकच शब्द लिहिला — सफाईदार. खाली कुणीतरी: ताई, बाळंतपणात राग सांडला वाटतं. आनंदराजनं उदगीरहून फोन केला, मनावर घेऊ नको म्हणाला. म्हणजे नवऱ्यानंही ते वाचलं होतं.

सांडला नव्हता. पण काय झालं होतं त्याचं, हे तिला सांगता येत नव्हतं. ओरडायला तोंड उघडलं की मन आधी जाऊन पाहून यायचं, कुणी झोपलंय का. परत येईपर्यंत ओरडायची जागा निघून गेलेली असायची.

ती दार ढकलून बाहेर आली. उन्हानं डोळे मिटले. पत्र्याच्या सावलीत आई मांडी घालून बसली होती, बुद्धप्रियाची पावलं तळहातात धरून. नाव केवढं आणि पावलं केवढी.

शिवम केळं सोलत होता. "वाईट वाटून घेऊ नको, लुंबिनी. पर 'ताप'सारखं न्हाई होऊन राहिलं."

"'ताप'सारखं करायचंच नव्हतं."

"हाव. पर त्याच्यापेक्षा हलकं बी करायचं नव्हतं ना." त्यानं केळं तिच्यापुढे केलं, तिनं मान हलवली. "वीरण्णा जाताना काय म्हनला ठाव हाय? म्हनला, ड्रम मी दणकावून ठिवले, आता त्यावर अंगाई म्हना."

ती हसली. हसू आलं, हेच वाईट होतं.

"आनि हैदराबादचा एक पोरगा हाय, गानारा," शिवम सालीकडे पाहत म्हणाला, "त्याचा आवाज वीरण्णानं ऐकवला मला. हे गाणं आज न्हाई झालं तर त्याच्याकडून करून घिऊ म्हनतोय. मी न्हाई म्हनत, वीरण्णा म्हनतोय."

हे गाणं, म्हणजे पुढची सगळी. ते तिघांनाही माहीत होतं. आईलासुद्धा, जी बाळाच्या अंगठ्याला उगाच तेल लावल्यासारखी चोळत होती.

"मी रडू का?" आई म्हणाली. चहा टाकू का, असं विचारावं तसं.

शिवमचा घास तोंडात राहिला. "आं?"

"मागं रडले तसं. लोकाला आवडलं व्हतं म्हनं."

"मावशी, पर असं ठरवून... येतं का ते?"

"न यायला काय झालं? माझी माय गावात कुनाचं बी मैत असू दे, जाऊन रडायची. तिच्याबिगर मैत उठायचं न्हाई. लई गळा व्हता तिचा." मग लुंबिनीकडे पाहून, साधेपणानं: "फकस्त कुनासाठी ते सांग. नावाबिगर हेल निघत न्हाई."

नाव. लुंबिनी उभ्या उभ्या माणसं चाचपू लागली, अंधारात फडताळावर हात फिरवावा तशी. आदर्श — त्याचं रडून झालेलं, ते पुन्हा काढलं तर आईला उष्टं दिल्यासारखं. आनंदराज, शनिवारी उदगीरच्या बसमधून उतरणारा, हातात पिशवी... नाही, त्याच्या नावात ते बसेना, नाव पसरट आहे. आणि मग हात पुढे गेला आणि खाली मांडीवर टेकला, त्या मुठी मिटून झोपलेल्या जिवावर, आणि तिथून उचललाच नाही. बुद्ध... प्रिया... दोन तुकडे, मध्ये श्वास, वीरण्णाचे पाय बरोबर त्याच्याखाली... आणि तिला ते ऐकू आलं. सबंध. आईचा हेल, आणि त्याच्या शेपटाला स्वतःची किंचाळी, अशी की भिंतीचे पोपडे निघावेत. हे मी ऐकलं. मला ते आवडलं. माझ्याच मनानं ते ऐकलं आणि म्हणालं, हां, हे.

तिनं वाकून बाळाला आईच्या मांडीवरून उचलून घेतलं, जवळजवळ ओढूनच.

"कुणाचंच नको, आई. राहू दे."

आईनं तिच्याकडे पाहिलं. आयांना काय काय दिसतं, हे तिला आताशा थोडं कळू लागलं होतं, म्हणून तिनं मान वळवली.

"बगते मी," आई गुडघ्यावर हात देऊन उठली. "दार लाव रं शिवम."

जाड दार बसलं. शिवमनं दुसरा हेडफोन लुंबिनीच्या कानांना लावून दिला. ती बाळाला घेऊन आईच्या जागी बसली. ड्रम सुरू झाले. आई खाकरली. पदर माईकला घासल्याचा आवाज. मग काहीच नाही, मग पुन्हा खाकरणं. नाही येत तिला, लुंबिनीला वाटलं, आणि सुटल्यासारखं वाटलं...

"माज्या लुंबिनी गंऽऽ..."

शिवमचा हात झटकन बंद करायच्या बटनाकडे गेला. जित्या माणसाचं, लेकराच्या आईचं — असं कुणी करत नाही. लुंबिनीनं बाळाखालचा एक हात सोडवून त्याचं मनगट धरलं.

"चालू दे."

"दारं दनानून सोडनारी माझी बाय गंऽऽ... शाळंतून भांडून येनारी... भावासाठी आभाळ फाडनारी... कुठं गेली गं माझी वरडनारी पोर... कुनी मऊ केलं गं तुला... कुनी गं..."

खोटं नव्हतं ते. खोटं असतं तर कळलं असतं. आई तिथं आत, केळ्यांच्या वासात, डोळे मिटून, खरोखर कुणालातरी उचलून नेताना पाहत होती, आणि नेऊ देत नव्हती, आणि जिला नेत होते तिची बोटं इथं बाहेर शिवमच्या मनगटात रुतली होती. लुंबिनीनं अंगावर काटा यायची वाट पाहिली. आला नाही. आलं ते वेगळंच, हळूहळू, पोटातून वर. 'ताप' लागला की ती एवढी वर्षं ते गाणं मध्येच बंद करायची, लोकांना वाटायचं दुःखानं. दुःखानं नव्हे. तो हेल आदर्शचा होता. आई तशी फक्त त्याच्यासाठी रडली होती, आणि त्या मेलेल्या पोराचा, ज्याला तिनं कडेवर खेळवलं होतं, तिला हेवा वाटत आला होता. आता हा तिचा होता. पुरता तिचा, नावासकट, आणि 'ताप'पेक्षा चांगला. हेही मनानं लगेच मोजलं — चांगला.

हेल थांबला. ड्रम पुढे नुसते धावत राहिले. तिनं ओरडायची जागा आली आणि गेली.

शिवमनं डोळे पुसले, तिच्याकडे न बघता. "ठिवायचं का हे?"

तिनं स्वतःच्या आत पाहिलं, जिथून उत्तर यायला हवं होतं. तिथं कुणी धावपळ करत नव्हतं. ज्याच्यासाठी रडून झालं, त्याला आता कुठं पोचायचं नसतं, कुणाला काही दाखवायचं नसतं... केवढी निवांत होती ती जागा, झाडून घेतल्यासारखी, आणि तिथून बाळाचं वजन हातांवर कळत होतं पण कुणाच्या हातांवर, ते कळत नव्हतं.

आतून आई दार थापटत होती; ते जाड दार तिला एकटीला ढकलवत नव्हतं. उठायला हवं, लुंबिनीला वाटलं. दार उघडायला हवं, आईनं बाहेर येऊन आपल्याला बघायच्या आत पुन्हा जिवंत कुणीतरी व्हायला हवं. ती तशीच बसून राहिली.