रात्री दहा ते सकाळी सहा बंद

माझे सासरे, वैजनाथराव, बोलण्यातही काटकसर करतात. "जेवलीस?" "आलास?" "बरं." एवढ्यावर त्यांचा दिवस निघतो. हिमांशूशी माझं लग्न ठरलं तेव्हा मला वाटलं, मी त्यांना पसंत नाही. नंतर कळलं, ते देवाशीही तेवढंच बोलतात.

शहराच्या कडेला सातारा परिसर म्हणतात, तिथं आमची सोसायटी नवीकोरी होती. लिफ्ट आली, गेटवर कारंजंसुद्धा बांधून झालं. नळाला पाणी तेवढं यायचं होतं. त्यात सलग दुसऱ्या वर्षी पावसानं पाठ फिरवली. आधीच उल्हास, त्यात फाल्गुन मास. टँकर आला की पाणी खालच्या टाकीत पडायचं आणि टाकीचा व्हॉल्व्ह सासऱ्यांच्या, म्हणजे बाबांच्या ताब्यात. सकाळी सोडणार, संध्याकाळी सोडणार, मधे कुणी कितीही गळा काढो. लोक नावं ठेवायचे, पण आमच्या इमारतीत कुणाची बादली रिकामी राहिली नाही.

त्याच घरात बसून मी मुलांसाठी गोष्टी रेकॉर्ड करायचे आणि माझ्या वेबसाइटवर टाकायचे. नोकरी सुटल्यावर माझं स्वतःचं म्हणावं असं तेवढंच उरलं होतं. आवाजाच्या फाइली जड असतात. कुणी गोष्ट ऐकली की तेवढी बँडविड्थ खर्च होते, आणि होस्टिंगवाल्यांनी महिन्याची मर्यादा ठरवून दिलेली असते. फेब्रुवारीत महिना संपायच्या आधी तीच संपली आणि साइट आपोआप बंद पडली. मी रडले. आठवा महिना लागला होता, रडू लवकर यायचं, ही गोष्ट वेगळी.

म्हणून बाळंतपणाला माहेरी, फर्दापूरला निघताना मी साइटचं कंट्रोल पॅनेल बाबांच्या हवाली केलं. हिमांशू चितेगावच्या कारखान्यात शिफ्टमध्ये अडकलेला, आणि फर्दापूरला आमच्या घरी फोन लागतो हेच नवल, नेट कुठलं. मी बाबांना दाखवलं, इथं फाइली ठेवायच्या, इथं नाव बदलायचं, आणि ही आडवी पट्टी बँडविड्थची. हिरवी आहे तोवर काळजी नाही, लाल झाली की संपत आली समजा.

"ही संपता कामा नये, बाबा."

"बरं."

मी निर्धास्त झाले. संपता कामा नये म्हणजे काय, हे त्यांच्याइतकं आणखी कुणाला कळणार होतं?

एप्रिलमध्ये ओवी झाली. बारशाला हिमांशू आला, बाबा आले नाहीत. फोनवर म्हणाले, "तुमच्याकडं टँकर आठवड्यानं येतो. पाहुणा म्हणजे दोन बादल्या. मी नंतर येतो." आणि फोन ठेवलासुद्धा. नातीच्या तोंडापेक्षा बादली मोठी झाली का, असं मी तणतणले. खरं सांगायचं तर मला फार लागलं होतं ते.

"माणूस वाईट नाय गं," आई म्हणाली. "पाण्यानं सगळ्यांलाच असं करून ठेवलंय."

मे महिन्यात सरिताताईंचा फोन आला. त्या कॅलिफोर्नियात दर रविवारी सकाळी मुलांची मराठी शाळा चालवतात. वर्षभर माझ्याच गोष्टी वर्गात ऐकवायचं त्यांनी जवळजवळ ठरवलं होतं. माझा आवाज इतक्या लांबच्या मुलांपर्यंत जाणार, या आनंदात मी ओवीला पाजतानाही मनात नव्या गोष्टी जुळवत होते.

"स्वरदा, तुझी साइट दोन रविवार बंद आहे," त्या म्हणाल्या. "मुलं ताटकळून बसतात. बाकीच्या शिक्षिका म्हणतायत, दुसरं काहीतरी शोधू. येत्या रविवारपर्यंत मी त्यांना थांबवलंय."

मला फेब्रुवारी आठवला. "मर्यादा संपली असं दाखवतंय का?"

"नाही, एक पाटी दिसते." त्यांनी ती वाचून दाखवली. "रात्री दहा ते सकाळी सहा बंद. सकाळी सहा वाजता सोडण्यात येईल. कृपया जपून ऐकावे. आज्ञेवरून."

मी कपाळाला हात लावला. ही भाषा लिहिणारा माणूस माझ्याच घरात होता.

गच्चीवर जाऊन बाबांना फोन लावला. त्यांनी काहीच नाकारलं नाही, उलट पहिल्यांदाच आपणहून भरभरून सांगितलं. रोज रात्री दहाला ते कंट्रोल पॅनेल उघडून मुख्य पानाचं नाव बदलत आणि त्याच्या जागी ही पाटी लावत. सकाळी सहाला पाटी काढत.

"पण का, बाबा?"

"रात्री लेकरं झोपतात. फिजूल नळ चालू कशाला ठेवायचा? निम्म्याच्या वर शिल्लक आहे, स्वरदा. पट्टी हिरवीगार आहे."

हिरवीगार हा शब्द त्या उन्हाळ्यात मी कुणाच्या तोंडून ऐकला नव्हता. पण माझं डोकं तापलेलं होतं. आपली रात्र म्हणजे तिकडची सकाळ, वर्ग तेव्हाच भरतो, हे मी त्यांना फाडफाड सांगितलं. मग मी म्हटलं, "आणि शिल्लक ठेवून उपयोग काय? एक तारखेला पट्टी नव्यानं सुरू होते. उरलेलं पुढच्या महिन्यात जमा होत नाही."

"जमा होत नाही?"

"नाही. वाया जातं."

"टाकीत उरलेलं उद्याला कामी येतं."

"ही टाकी नाही, बाबा."

फोन तसाच चालू राहिला. न बोलता फोन चालू ठेवणं हे बाबांच्या हातून आजवर घडलं नव्हतं. मग अगदी हळू आवाजात ते म्हणाले, "मग मी राखलं कशासाठी?"

माझा राग तिथंच उतरला. कशासाठी म्हणजे काय, माझ्यासाठी. मी नव्हते तेव्हा माझी एवढीशी गोष्ट त्यांनी सोसायटीच्या टाकीसारखी सांभाळली होती.

"आता रात्रीही चालू राहू द्या," मी म्हटलं.

"बरं."

रविवार मी जीव मुठीत धरून काढला. सोमवारी सकाळी सरिताताईंचा फोन आला. साइट चालू होती. मुलांनी एक गोष्ट ऐकून दुसरी मागितली, मग तिसरी, आणि बाकीच्या शिक्षिकांनी वर्षभरासाठी होकार दिला. "आणि हो, पाटी अजून आहे," त्या हसत म्हणाल्या. "गोष्टींच्या वरच लावलीय. सदैव चालू. पाहिजे तितके ऐकावे. आज्ञेवरून."

फोन ठेवते न ठेवते तोच दारात बाबा उभे. पहाटेच्या एसटीनं आले होते, दोन्ही हातांत पाण्याचे दोन कॅन. आईनं पाय धुवायला तांब्या पुढं केला, तर त्यांनी तो बाजूला सारला आणि आपल्या कॅनमधलं घोटभर पाणी पायांवर घेतलं.

"पाहुण्याचं पाणी पाहुण्यानं आणलंय, विहीणबाई. बाकीचं ओवीच्या अंघोळीला."

ओवीला मांडीवर घेतलं आणि ते बोलायला लागले. टाकीबद्दल, टँकरवाल्याबद्दल, हिमांशू लहानपणी कसा रुसायचा त्याबद्दल. ती टकामका बघत होती. आई स्वयंपाकघरातून डोकावून मला हळूच म्हणाली, "तुझे सासरे बोलतात व्हय गं?"

"मलाही आजच कळतंय," मी म्हटलं.

दुपार झाली. ओवी कधीच झोपली होती, तरी बाबा तिला घेऊन तसेच बसलेले.

"बाबा, ठेवा आता तिला खाली. हात भरून येतील."

"येऊ देत," ते म्हणाले. "पुढच्या महिन्यात जमा होत नाही."