वीस-पन्नासची चिठ्ठी

"ह्याला तेल म्हणायचं का पन्हं!"

आपल्या गॅरेजासमोर गाडीखाली उताणा पडलेला म्हाळू मिस्त्री स्वतःशीच कुरकुरला. पण त्याच्या पायांपासून दोन हातांवर कस्तुराबाई उभ्या होत्या. त्यांना ते नको तेवढं स्पष्ट ऐकू आलं. ऊन मी म्हणत होतं, तरी त्यांनी पदर अंगाभोवती थंडी वाजल्यासारखा ओढून घेतला.

मांडवगण फराटा गावात गाड्यांच्या तेलाच्या बाबतीत कस्तुराबाईंचा हात धरणारं कुणी नव्हतं. नवरा गेल्यावर दुकान गळ्यात पडलं, तेव्हा त्यांना खोबरेल आणि गोडेतेल एवढंच ठाऊक. मग डबे उलटेपालटे करून, त्यांच्यावरचे आकडे वहीत उतरवून, ड्रायव्हरांना चहा पाजून त्या शिकल्या. कुठल्या ट्रॅक्टरला कुठलं तेल, हे आता झोपेतही सांगतील. त्याचा त्यांना गर्व होता. तोच आज अंगाशी आला होता.

गाडी बबनरावांची. लाल, दोन दारांची, पस्तीस वर्षांपूर्वी त्यांच्या थोरल्या भावानं हौसेनं मुंबईहून आणलेली. आत बसायचं तर आधी डोकं घालायचं, मग एकेक गुडघा. उसाच्या ट्रॅक्टरमागं उभी राहिली तर ट्रॅक्टरवाल्याला आरशात दिसायची नाही, इतकी बुटकी. पण पळवायचं म्हटलं की गावात तिच्या तोडीचं काही नव्हतं. आणि तिच्या इंजिनाला आजवर हात लागला तो एकट्या म्हाळूचा.

मागच्या आठवड्यात बबनरावांच्या पुतण्याचं, रविराजचं, भीमेपलीकडं राहू गावी लग्न होतं. नवरदेव त्याच गाडीतून जाणार होता. म्हाळूनं जुनं तेल काढून दिलं आणि नव्यासाठी चिठ्ठी लिहिली. बबनरावांनी नारळ फोडून, गाडीला हळदकुंकू लावून, नवं तेल स्वतःच्या हातानं ओतलं. तसा त्यांच्या घरातला रिवाज. पूजा होईपर्यंत म्हाळू फाटकाबाहेर थांबला. तोही रिवाजच, फक्त तो कुणी बोलून दाखवत नसे. त्याला आत बोलावलं तेव्हा तेलाचं झाकण बसलं होतं आणि रिकामे डबे कुणीतरी उचलून नेले होते.

भीमेच्या पुलावर तेलाचा लाल दिवा लागला. इंजिन टकटक करायला लागलं, आणि गाडी बसली ती बसलीच. फेटा सावरत नवरदेव खाली उतरला. बँडवाल्यांनी सनई-ताशे बाजूला ठेवून गाडी ढकलली. त्याचा व्हिडिओ संध्याकाळपर्यंत अख्ख्या तालुक्यानं बघितला. "म्हाळूनं हात लावला आन् गाडी बसली," असं बबनराव हॉटेलात एकदाच बोलले, पण ते बबनराव, त्यांचा शब्द गावात चाले. पेरणीच्या हंगामाआधी ट्रॅक्टर दुरुस्तीला खोलायचे दिवस. म्हाळूकडं येणारे चार ट्रॅक्टर परस्पर न्हावऱ्याच्या मिस्त्रीकडं गेले. त्याच्या गॅरेजासमोर एरवी उभं राहायला जागा नसायची. आज ही लाल गाडी सोडली तर तिथं एक कोंबडी निवांत फिरत होती.

"या बाई, तुम्हीच बघा," बबनराव म्हणाले. त्यांनीच कस्तुराबाईंना बोलावून आणलं होतं. "तुमच्या दुकानातलं सगळ्यात भारी तेल घातलं मी. मग ह्यानं आतमधी काय केलं ते ह्याला इचारा."

म्हाळू सरपटत बाहेर आला. हातात पत्र्याचं घमेलं. त्यात बोट बुडवून त्यानं वर धरलं. तेल पाण्यासारखं ओघळून गेलं.

"दादा, तेल भारीच हाय," तो हळू बोलला. "पर नव्या गाडीचं हाय. हिची हाडं जुनी झाली, सांध्यात फट पडली. हिला जाड लागतं. हे पार निसटून जातं. बेअरिंग खाल्लंय."

"मग चिठ्ठीत जाड ल्हिवायचं हुतं!"

म्हाळूनं एकदा कस्तुराबाईंकडं पाहिलं. एकदाच. त्या नजरेत राग असता तर बरं झालं असतं.

त्यांच्या हातातल्या बटव्यात ती चिठ्ठी होती. दुकानात मिस्त्रींच्या चिठ्ठ्या तारेला टोचून ठेवायची त्यांची पद्धत. व्हिडिओ बघितला त्या रात्री त्यांनी ही एकटी तारेतून ओढून काढली. फाडायला घेतली, फाडवेना. 'वीस-पन्नास, चार लिटर. पातळ देऊ नये. म्हाळू.' अक्षर त्यांच्या स्वतःच्यापेक्षा वळणदार. ह्या आकड्याचं जाड तेल त्या रोज जुन्या जीपगाड्यांना देत. त्या दिवशी बबनरावांसमोर मात्र चिठ्ठी वाचून त्या हसल्या होत्या. "जीपचं तेल ह्या गाडीला? मी देते बरोबर," म्हणाल्या होत्या, आणि फळीवरचे सगळ्यात चकचकीत डबे खाली घेतले होते.

"आसंल दादा," म्हाळू घमेल्याकडं बघत म्हणाला. "माझीच ल्हिताना चूक झाली आसंल. इंजिन मी बांधून देतो. माझ्याकडनं."

कस्तुराबाई एक पाऊल पुढं आल्या. हा माणूस त्यांच्यापेक्षा सात वर्षांनी मोठा. तरी बोलवायचं तर 'ए म्हाळू'. बबनराव धाकटे, तरी बबनराव.

त्यांनी बटवा उघडला. चिठ्ठी काढून बबनरावांपुढं धरली.

बबनरावांनी वाचली. मग घडी घातली, उघडली, परत घातली. ती वाचून हसलेल्या बाई त्यांना आठवल्या असणार, आणि आपणही हसलो होतो तेही.

"जाऊ द्या," ते घाईनं म्हणाले. "लग्नाची गडबड. चिठ्ठीतला आकडा नीट लागला नसंल तुम्हाला. चुकतंय माणूस."

"व्हय, चुकतंय," म्हाळूही म्हणाला. दोघांनी मिळून त्यांच्यासाठी दार उघडं करून दिलं होतं. नुसतं बाहेर पडायचं होतं.

"आकडा लागला होता," कस्तुराबाई म्हणाल्या.

"बाई, मिटलं की आता."

"न्हाई मिटलं. चार ट्रॅक्टर न्हावऱ्याला गेले, ते काय आकडा लागला न्हाई म्हणून गेले? हीच चिठ्ठी तुमच्या हातची असती बबनराव, तर मी गुमान वीस-पन्नास काढून दिलं असतं. शिरूरच्या कुण्या पाटलाच्या मिस्त्रीची असती, तरी दिलं असतं."

"बाई, नगा," म्हाळू पुटपुटला. त्याचा हात घमेल्यातच राहिला होता.

"म्हाळूदादा, बोलू द्या मला." हे 'दादा' त्यांच्या तोंडून पहिल्यांदाच निघालं आणि अवघडल्यासारखं बाहेर पडलं. "तुमच्याइतकं हे इंजिन कुणाला ठाऊक न्हाई, हे मला तवाबी ठाऊक होतं. तरी मी तुमची जात बघून तेल बदललं."