ताईच्या कवितांचं अक्षर

पुस्तकाच्या मांडणीत धाकट्याचा हात धरणारं कुणी नव्हतं, आणि हे त्याला स्वतःला जरा जास्तच ठाऊक होतं. ताईने चाळीस वर्षांच्या कवितांची वही पुढ्यात ठेवली, तेव्हा तो मनातल्या मनात पानं रचायलाही लागला होता.

ताईचं मागणं एकच होतं. "अक्षर मोठं ठेव. ठसठशीत."

"ताई, कविता आहेत या, अंकलिपी नव्हे," तो हसला. "कवितेला मोकळी जागा लागते. तू लिहिलंस, आता बाकीचं माझ्यावर सोड."

"थोडं तरी मोठं," ती म्हणाली. लहानपणापासून त्याच्या हट्टापुढे माघार तीच घेत आली होती.

त्याने नाजूक, बारीक फॉन्ट निवडला. वेलांट्या केसासारख्या, समास ऐसपैस. प्रूफं ताईकडे गेली ती एकही खूण न होता परत आली. पसंत पडलं असणार, असं तो धरून चालला.

प्रकाशनाला पाहुण्यांनी आधी मांडणीचंच कौतुक केलं. धाकट्याच्या अंगावर मूठभर मांस चढलं. मग ताईला वाचायला बोलावलं. तिने पुस्तक उघडलं, डोळ्यांजवळ नेलं, लांब धरलं, दिव्याकडे वळवलं. शेवटी मिटून म्हणाली, "घसा बसलाय. माझा भाऊ वाचेल."

आवाज तर खणखणीत होता.

घरी आल्यावर भाची त्याला बाजूला घेऊन म्हणाली, "मामा, आईची नजर जात चाललीये. समोरचंच दिसत नाही नीट. डॉक्टरांनी गेल्या वर्षीच सांगितलंय. दिसतंय तोवर आपलं पुस्तक एकदा स्वतः वाचायचं होतं तिला. तू जिवाला लावून घेशील, म्हणून तुला सांगू नको म्हणाली."

त्याला मान वर करवेना. दुसऱ्याच दिवशी त्याने तिच्यापुरती मोठ्या अक्षरांची एक प्रत करायला घेतली. काम आठवड्याचं. पण मोठं अक्षर पानावर बोजड दिसायचं, आणि ते त्याला बघवेना. फॉन्ट बदल, अंतर बदल, कागद बदल, असं करता करता चार महिने निघून गेले.

प्रत मिळाली तेव्हा ताईने पानाला जवळजवळ नाक टेकवलं. "कडेकडेचं दिसतं. अक्षर लागत नाही रे." तिने पुस्तक त्याच्या हातात परत दिलं. "तू वाच."

तिसऱ्या कवितेत तिने त्याला अडवलं. "इथे का थांबलास? ओळ संपलेली नाही."

अक्षर मोठं केल्यावर ओळ मावेना, म्हणून त्यानेच ती मोडली होती. त्याने तसं सांगितलं.

"मला विचारायचंस," ती म्हणाली. तिच्या बोलण्यात राग नव्हता. असता, तर त्याला सोपं गेलं असतं.

त्याने ती कविता पुन्हा पहिल्यापासून वाचायला घेतली, ती सांगेल तिथेच थांबत.