रिकाम्या खुर्चीचं मत

"ये गं ठिपके, ये गं करडे,
दिवस निघाला रानापलीकडे..."

आईची ती उंच, बारीक हाक उतारावरून घरंगळत जायची आणि झाडीतून गाई एकेक करून बाहेर पडायच्या. एखादी आली नाही, तरी आई तिला शिव्या द्यायची नाही. "न येणारीला चोर म्हणू नये, गुनवोर. जाऊन बघावं."

आता आई नव्हती, गाई नव्हत्या. स्टॉकहोमच्या संसदेत आपल्या पक्षाची माणसं मतदानाला गोळा करणं, हे गुनवोरचं काम होतं. उद्या अविश्वासाचा ठराव होता. सरकार पाडायला एकशे पंच्याहत्तर मतं लागतात, सभागृहात कितीही जण बसलेले असोत. घटनाच तशी आहे. म्हणजे जो घरी राहिला, तो सरकारच्याच पारड्यात. आणि गुनवोरकडे मतं होती नेमकी तेवढीच, तीही तीन पक्ष मिळून. त्यातल्या एका पक्षाची सावलीही नको, असं निवडणुकीत गुनवोरचीच मंडळी सांगत फिरली होती. उद्याचा ठराव त्याच पक्षाचा होता.

दुपारी तिच्याच पक्षाच्या खासदार तोर्केलचा फोन आला. "अंगात ताप आहे. उद्या जमेलसं वाटत नाही. माझी जोडी लावून टाक."

एरवी लावली असती. आपला एक आजारी पडला, की समोरच्यांनीही एकाला बाहेर बसवायचं. नुसत्या शब्दावर चालणारी जुनी रीत. पण अविश्वासाच्या मतदानात जोडी चालत नाही, हे इतकी वर्षं निवडून येणाऱ्या तोर्केलला ठाऊक नसेल? तिच्या मनात पाल चुकचुकली.

संशयाला वाट दाखवावी लागत नाही. सभागृहात खुर्च्या पक्षाप्रमाणे नसतात, जिल्ह्याप्रमाणे असतात. तोर्केलच्या शेजारी त्याच्याच जिल्ह्याची ब्रिटमारी बसे, सरकार पक्षाची. दोघं एकाच डबीतल्या खारट गोळ्या चघळत एकमेकांविरुद्ध बटण दाबायचे. गोळ्यांबरोबर आणखी काय काय इकडचं तिकडे झालं असेल?

गुनवोर सरळ त्याच्या खोलीवर गेली. बाहेर नोव्हेंबरचा अंधार तिसऱ्या प्रहरीच उतरला होता. तोर्केलने दार उघडलं. अंगात लोकरीचा सदरा, गाल कोरडे, डोळे स्वच्छ. टेबलावर दोन कप.

"तापात कॉफी बरी चालते तुला."

"ताप मागेल ते द्यावं."

"आणि त्याला दोन कप लागतात?"

तोर्केलने खुर्ची पुढे सरकवली. "ब्रिटमारी आली होती."

"काय देऊ केलं तिने?"

"चार खडे बोल. म्हणाली, तुझ्या तापाने आमचं सरकार वाचणार असेल तर वाचू दे, पण पांघरुणात लपून वाचवू नकोस. शेजारी बसायची लाज वाटेल."

"मला हे खरं वाटावं?"

"नको वाटू दे. विकला गेलो म्हण. तुला सोपं जाईल."

 तोर्केल खिडकीकडे बघत म्हणाला, "प्रचारात चिखल तुडवत आपण दोघं फिरलो. ती म्हातारी एल्सी आठवते? सुकवलेलं रेनडिअरचं मांस पुढे ठेवून तिने विचारलं होतं, त्या पक्षाच्या मांडीला मांडी लावून बसाल का. उत्तर कुणी दिलं?"

गुनवोरनेच दिलं होतं. कधीच नाही, म्हणाली होती.

"सोमवारी पक्षाच्या बैठकीत हेनिंगने विचारलं, त्यांच्या ठरावाला मत द्यायला कुणाची हरकत? मी तुझ्याकडे बघितलं, गुनवोर. तू कप ढवळत होतीस. साखर तर तू घेतच नाहीस."

 चोर शोधायला निघालेली ती. आणि इथे कळपातून चुकलेलं कुणी नव्हतंच. एक जण थांबला होता, एवढंच.

फोन वाजला. पक्षनेता हेनिंग.

"बघून आलीस? ताप खरा आहे का? स्ट्रेचरवर घालून आणता येईल?"

तोर्केलने हात पुढे केला, मी बोलतो म्हणून. गुनवोरने फोन दिला नाही.

"ताप नाही त्याला," ती म्हणाली. "त्याला हे पटत नाही. मलाही पटत नाही, हेनिंग. सोमवारीच सांगायचं होतं."