शेजारी बसण्याची रीत

"'एकट्या जेवणाऱ्याच्या शेजारी कसं बसावं?' हे सत्र आहे, सर?" समितीच्या अध्यक्षांनी चष्मा कपाळावर चढवला. "शेजारी बसायला काय लागतं? खुर्ची."

समिती हसली. अध्यक्ष हसले की हसायचं, हा त्या समितीचा एकमेव ठराव, जो एकमतानं आणि वेळेवर अमलात यायचा.

रेक्टरही हसले. मुलांच्या वसतिगृहात केस पांढरे केलेल्या माणसाला स्वतःवरच्या विनोदाला हसणं अंगवळणी पडलेलं असतं. वसतिगृहांच्या विद्यार्थी-प्रतिनिधींची नेतृत्व परिषद भरायची होती आणि तिच्या सत्रांची आखणी चालली होती. 'नेतृत्वाची नवी क्षितिजे', 'बदलाचे वाटाडे', 'स्वतःतला सिंह ओळखा' ही मंडळी फळ्यावर आधीच जागा धरून बसली होती. सिंहाला दीड तास दिला होता.

"खुर्ची लागतेच," रेक्टर म्हणाले, "पण बसल्यावर काय बोलायचं ते पोरांना कळत नाही. एकटा का बसलास, म्हणून विचारतात. मग तो उद्यापासून ताट घेऊन खोलीत जातो. त्यापेक्षा ताट ठेवायचं, मीठ मागायचं, गप्प जेवायचं. आणि त्याचं झाल्याशिवाय उठायचं नाही. एवढंच."

"मीठ त्याच्यापुढे नसेल तर?" विद्यार्थी-सचिव मुलीनं विचारलं. टेबलाभोवती ती एकटीच लिहून घेत होती.

"तरी मागायचं. मागणाऱ्याची कुणाला भीती वाटत नाही."

"हे पाच मिनिटांत आटोपलं की," अध्यक्ष म्हणाले. "उरलेल्या वेळात काय, पाणी मागायचं?"

पुन्हा ठराव अमलात आला.

रेक्टरांच्या डोळ्यांपुढे मेसमध्ये भिंतीकडे तोंड करून जेवणारा एक मुलगा होता. गेल्या वर्षी एका सकाळी तो शिक्षण सोडून, ट्रंक उचलून निघून गेला. घरच्यांचा फोन आला तेव्हा रेक्टरांनी मेसमध्ये चौकशी केली. तो सगळ्यांना माहीत होता. 'तो भिंतवाला ना?' नाव मात्र एकालाही सांगता येईना. हे समितीला सांगावं असं अगदी ओठावर आलं. पण त्या पोराचंही हसं झालं असतं. त्यांनी ते चहाच्या घोटाबरोबर गिळून टाकलं.

"निवृत्त होतोय," ते म्हणाले. "जाता जाता एवढं एक सत्र घेऊ द्या. पुन्हा काही मागणार नाही."

"तुम्हाला नाही कसं म्हणणार?" अध्यक्ष म्हणाले, आणि खरंच नाही म्हणाले नाहीत. सत्र मंजूर झालं. नाव तेवढं 'सहभोजनातून समावेशक नेतृत्व' असं सुधारून घेतलं. मग रेक्टर निवृत्त झाले आणि सत्र घ्यायला बाहेरून तज्ज्ञ ठरला.

"तुम्ही आता सेवेत नाही ना," अध्यक्षांनी फोनवर समजूत घातली. "नियमात बसत नाही हो. पण या जरूर. ऐकायला."

रेक्टर इस्त्रीचा शर्ट घालून ऐकायला गेले. तज्ज्ञानं पडद्यावर सहभोजनाचे सात स्तंभ उभे केले. सातांपैकी एकातही मीठ नव्हतं. शेवटी त्यानं सगळ्यांना शेजाऱ्याकडे बघून टाळ्या वाजवायला सांगितलं. रेक्टरांच्या शेजारची खुर्ची रिकामी होती. तरी त्यांनी तिच्याकडे बघून शिस्तीत टाळ्या वाजवल्या.

दुपारी ते ताट घेऊन मेसमध्ये शिरले. ओळखीचा चेहरा दिसेना. निवृत्तीनंतर ते मुलाकडे राहत होते. तिथं ज्याची त्याची वेळ वेगळी, सून ताट झाकून ठेवून कामाला जायची. त्यामुळे पाय आपोआप कोपऱ्यातल्या टेबलाकडे वळले. दोन घास झाल्यावर त्यांनी मान वर केली तेव्हा समोर भिंत होती.

शेजारी एक ताट टेकलं.

"सर, जरा मीठ देता?"

सचिव मुलगी होती. मीठदाणी तिच्याच कोपरापाशी होती. रेक्टरांनी तिच्याकडे पाहिलं, मग मीठदाणीकडे. हात लांब करून त्यांनी ती उचलली आणि तिच्या हातात दिली.

"थँक्यू, सर."

तिनं भाजीवर चिमूटभर टाकलं, दाणी पलीकडे ठेवली आणि गप्प जेवायला लागली. काही विचारलं नाही. परीक्षक असते तर रेक्टरांनी पैकीच्या पैकी गुण दिले असते. ते घास सावकाश चावू लागले. इतक्या सावकाश, की एखाद्या पोराला असं करताना त्यांनी पाहिलं असतं तर रागावले असते.

लाउडस्पीकर खरखरला. विद्यार्थी-सचिवांनी व्यासपीठावर यावं. तिचं ताट केव्हाच रिकामं झालं होतं. ती हलली नाही.

दुसऱ्यांदा पुकारा झाला.

रेक्टरांनी ताट पुढे सरकवलं. "झालं माझं."

"भात आहे की अजून, सर."

"या वयात भूक कुठे एवढी? जा, तुझी वाट बघताहेत."

ते ताट हातात घेऊन उभेही राहिले. ती दारातून बाहेर जाईपर्यंत तसेच उभे होते. मग पुन्हा बसले आणि उरलेला भात खाऊ लागले. अळणी होता. मीठदाणी रिकाम्या खुर्चीपुढे, हाताला पोचेल न पोचेल अशी होती. त्यांनी ती तिथंच राहू दिली.