उलटी साखळी

जुन्या चेनसॉ दुरुस्त करून वापरणारे आम्ही काही वेडे दर वसंतात कोचेव्येच्या जंगलात जमतो. आमचा एक नियम आहे: ज्याने करवतीची साखळी उलटी बसवली, त्याने जेवण होईपर्यंत गळ्यात एक गंजकी साखळी घालून फिरायचं. नियम माझाच. ती गंजकी साखळीही मीच भंगारातून शोधून आणली. हलगर्जीपणा मला खपत नाही.

यंदा मी माझ्याच वयाची करवत नेली होती. दोन हिवाळे तिच्यामागे घालवले होते, घरभर पेट्रोलचा वास केला होता. दोरी ओढली आणि पहिल्याच झटक्यात ती गुरगुरली. मी ऐटीत ती ओंडक्यावर टेकवली. भुसा पडेना, नुसता धूर.

"अरे स्ताने, लाकूड कापतोयस की भाजतोयस?" आमच्यातलाच विन्को ओरडला.

"लाकूड ओलं आहे!" मी खेकसलो.

"वाळून खडखडीत झालंय," माझी बायको श्तेफ्का सॉसेजची टोपली खाली ठेवत म्हणाली. "तुझे दातेच उलटं तोंड करून बसलेत."

मी वाकून पाहिलं. खरंच.

मी साखळी सुलटी केली. मग करवतीने तो ओंडका लोण्यासारखा कापला, पण बघायला सवड कोणाला होती? विन्कोने ती गंजकी साखळी मोठ्या अदबीने श्तेफ्काच्या हातात दिली होती.

लग्नात माझ्या बोटात अंगठी घालताना श्तेफ्काचे हात थरथरत होते. आज अजिबात थरथरले नाहीत.